आयात विद्युत मोटारींवरील शुल्क: तिजोरीसाठी की कारखान्यांसाठी?

प्रश्न: जमाखर्च (ठाणे)

15 जुलै 2025 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले आणि मॉडेल वाय या गाडीची किंमत 59.89 लाखांपासून सुरू होते हे कळले, तेव्हापासून आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात एकच वाद चालू आहे. एका गृहस्थांचे म्हणणे असे की परदेशातून तयार येणाऱ्या विद्युत गाड्यांवर 70 किंवा 110 टक्के शुल्क लावून सरकार भरपूर कमावते, म्हणून ते कमी होणार नाही. दुसरे म्हणतात की अशा गाड्या विकल्याच किती जातात, की त्यातून तिजोरी भरावी. मला तिसरीच शंका आहे. हा पैसा आलाच, तर त्यातला महाराष्ट्राच्या वाट्याला किती येतो? आणि थोडाच येत असेल, तर 30 लाखांवरील विद्युत गाड्यांवर 6 टक्के मोटार वाहन कर लावण्याचा मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पातील प्रस्ताव त्याच महिन्यात मागे का घेतला गेला? जाणकारांनी कृपया आकड्यांसह सांगावे.

उत्तर: बिलऑफएंट्री

न्हावा शेवा बंदराशी संबंधित कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे आधी दरांचा घोळ सोडवतो. गाडीची मूळ किंमत, विमा आणि बंदरापर्यंतचे भाडे मिळून होणारी रक्कम 40,000 डॉलरच्या आत असेल तर शुल्क 70 टक्के आणि त्यापेक्षा जास्त असेल तर एकूण 110 टक्के. फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर 'महागड्या गाड्यांवरील शुल्क 70 टक्क्यांवर आणले' अशा बातम्या आल्या, त्या अर्ध्याच खऱ्या होत्या. पूर्वी 100 टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार होता. आता मूळ शुल्क 70 टक्के आहे आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर 40 टक्के. ग्राहकाच्या दृष्टीने बेरीज तीच राहिली, फक्त पैशाला लावलेली चिठ्ठी बदलली.

आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर या चिठ्ठीतच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 270 नुसार केंद्राच्या करांतील वाटा राज्यांना मिळतो, पण उपकर आणि अधिभार त्या वाटपातून वगळलेले आहेत. समजा, एका गाडीची बंदरातील किंमत 40 लाख रुपये आहे. जुन्या रचनेत वाटपयोग्य मूळ शुल्क 40 लाख होते, त्याच्या 41 टक्के, म्हणजे 16.40 लाख सर्व राज्यांचे. नव्या रचनेत मूळ शुल्क 28 लाख, त्यामुळे राज्यांचा वाटा 11.48 लाख. ग्राहक दोन्ही वेळी 44 लाखच भरतो, मात्र राज्यांचे प्रत्येक गाडीमागे जवळजवळ पाच लाख कमी झाले आणि तेवढेच केंद्राकडे वाढले. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या या वाट्यातील महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के ठरवला होता. त्या हिशेबाने या गाडीच्या सीमाशुल्कातून आपल्या राज्याला सुमारे 72,500 रुपये मिळतात. (वसुलीचा खर्च मी धरलेला नाही.) शिवाय 84 लाखांवर 5 टक्के एकात्मिक जीएसटी लागतो, त्यातील निम्मा, म्हणजे 2.10 लाख, गाडी इथेच विकली गेली तर राज्याला मिळतो.

आता 6 टक्क्यांचे पाहा. तीच गाडी ग्राहकाला 90 लाखांना पडली, तर मोटार वाहन कर 5.40 लाख झाला असता आणि तो संपूर्ण राज्याचा होता. सीमाशुल्कातून येणाऱ्या वाट्याच्या सातपटींहून अधिक रक्कम राज्याने एका गाडीमागे सोडून दिली.

उत्तर: चाकणचा माणूस

वरील गणित बरोबर आहे, पण ते एका गाडीचे आहे, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी प्रस्ताव मागे घेताना विधिमंडळात दिलेले कारणही हेच होते की त्यातून महसूल फारसा येणार नाही आणि संदेश मात्र चुकीचा जाईल. कर्नाटकाने 2024 मध्ये 25 लाखांवरील विद्युत गाड्यांवर 10 टक्के आजीव कर लावला, तो मला धाडसी वाटतो, शहाणपणाचा वाटत नाही.

मुळात 110 टक्क्यांकडे महसूल म्हणून पाहणेच मला पटत नाही. ज्या शुल्कामुळे माल येतच नाही, ते शुल्क वसूल कशातून करणार? ती भिंत आहे. चाकणमध्ये महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई तयार होतात आणि मर्सिडीजची ईक्यूएस ही विद्युत गाडीही 2022 पासून इथेच जोडली जाते, कारण सुटे भाग आणून जोडणी केली तर शुल्क खूपच कमी बसते. या भिंतीमुळे आमच्या पट्ट्यात माणसे कामाला आहेत, हे सांगताना माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. केंद्रानेही भिंतीला खिडकी ठेवली आहे. मार्च 2024 च्या योजनेत किमान 4,150 कोटी रुपये गुंतवून भारतात कारखाना उभारणाऱ्या कंपनीला 35,000 डॉलर किंवा त्याहून महाग गाड्या वर्षाला 8,000 पर्यंत केवळ 15 टक्के शुल्कात आणता येतात, तेही पाच वर्षे, आणि देशी मूल्यवर्धन (गाडीच्या मूल्यातील भारतात तयार झालेला भाग) तिसऱ्या वर्षापर्यंत 25 टक्के व पाचव्यापर्यंत 50 टक्के करण्याच्या अटीवर. एका कंपनीला मिळणाऱ्या शुल्कमाफीला 6,484 कोटींची कमाल मर्यादा घातली आहे. जो महसूल एरवी आलाच नसता, त्याची ही माफी आहे. बँक हमीही घेतली जाते, ही अट मला विशेष आवडली.

उत्तर: फ्योर्डकाठचा मराठी (ओस्लो)

नॉर्वेत वाचवायला स्वतःचा मोटार उद्योग नाही, त्यामुळे इथे भिंत हा प्रश्नच आला नाही. कर सीमेवर नसून नोंदणीच्या वेळी आणि 25 टक्के मूल्यवर्धित कराच्या रूपात होता, आणि विद्युत गाड्यांना 1990 पासून नोंदणी करातून व 2001 पासून मूल्यवर्धित करातून सूट मिळाली. गाड्या भरपूर खपल्या, 2024 मध्ये नव्या गाड्यांपैकी 88.9 टक्के विद्युत होत्या. मग तिजोरीला ओढ लागली. 2023 पासून 5 लाख क्रोनरवरील किमतीवर कर सुरू झाला आणि 500 किलोवरील वजनावरही आकार बसला. सवलत काढताना आरडाओरड झाली, पण लोक पुन्हा पेट्रोलकडे गेले नाहीत, कारण तोपर्यंत चार्जिंगची सोय सर्वत्र झाली होती.

जमाखर्च

सर्वांचे आभार. बिलऑफएंट्री यांच्या चिठ्ठीच्या मुद्द्याने आमच्या गटातील दोन्ही गृहस्थ गप्प होतील असे वाटते. तरी एक विचारतो, राज्याचे खरे नुकसान मग कशात आहे?

बिलऑफएंट्री

पेट्रोलमध्ये. मुंबई-ठाण्यात पेट्रोलवर राज्याचा मूल्यवर्धित कर 25 टक्के अधिक लिटरमागे 5.12 रुपये आहे, म्हणजे लिटरला साधारण 25 रुपये. वर्षाला 12,000 किलोमीटर धावणारी, लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी 800 लिटर पिते आणि राज्याला सुमारे 20,000 रुपये देते. ती विद्युत झाली की हे दरवर्षीचे उत्पन्न थांबते आणि विजेवरील शुल्कातून त्यातले थोडेच परत येते. त्यात राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवरील पथकरही माफ केला आहे. 60 लाखांच्या मोजक्या परदेशी गाड्यांवर आपण वाद घालतो, परंतु वित्त विभागाला झोप लागू नये असे कारण पंधरा लाखांच्या, चाकणला तयार झालेल्या गाडीत आहे.