मदत हवी आहे: पाण्यातून केलेला एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) इलेक्ट्रोड जाड केला की तडकतो, आणि तो खरंच पर्यावरणस्नेही आहे हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर पीएचडी करते आहे, दुसरं वर्ष संपत आलंय. दोन ठिकाणी अडले आहे: एक अडचण प्रयोगशाळेतली, दुसरी हिशेबातली. इथे लेपन, रसायन, वीजजाळं अशा वेगवेगळ्या बाजूंनी काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिथियम-आयन सेलचा धन इलेक्ट्रोड करताना सक्रिय पदार्थाची पूड, कार्बन ब्लॅक आणि पीव्हीडीएफ हा बाइंडर (कण चिकटवून धरणारा पॉलिमर) एनएमपी नावाच्या द्रावकात कालवतात. ती स्लरी ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरतात आणि फॉइल लांबलचक ओव्हनमधून ओढत नेतात. द्रावक उडून जातो, लेप उरतो. एनएमपी २०२ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रजननक्षमतेला घातक आहे, त्यामुळे त्याची वाफ बाहेर सोडता येत नाही, थंड करून परत धरावी लागते. शिवाय ती पेट घेऊ शकते, म्हणून ओव्हनमध्ये भरपूर गरम हवा सतत खेळती ठेवावी लागते. ऊर्जा खाते ती ही हवा तापवण्याची गरज. सेलच्या कारखान्यात सगळ्यात जास्त ऊर्जा लागते ती या वाळवणीला आणि ड्राय रूमला, म्हणजे ओलावा काढलेल्या खोलीला.

ग्रॅफाइटचा ऋण इलेक्ट्रोड केव्हाच पाण्यावर आला आहे, सीएमसी (सेल्युलोजपासूनचा) आणि एसबीआर (रबरासारखा) हे बाइंडर वापरून. धन बाजू मागे राहिली, कारण निकेलच्या ऑक्साइडमधून पाण्यात लिथियम सुटतं, सामू ११-१२ पर्यंत चढतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट, या बाबतीत बरंच सौम्य आहे. त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही. वीजजाळ्याच्या साठवणुकीत बॅटरी एका जागी बसून असते, वजनाची चिंता नसते, आणि ४ तासांत रिकामी करायची म्हणजे वेगही फक्त ०.२५सी, म्हणजे तासाला क्षमतेचा पाव भाग. म्हणजे लेप जाड ठेवता येतो. जाड लेप म्हणजे तेवढ्याच क्षमतेला फॉइल आणि सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा) कमी. पाण्यातून केलेला जाड एलएफपी इलेक्ट्रोड, खास जाळ्याच्या साठवणुकीसाठी, हा माझा विषय. आणि तो मला मनापासून पटलेला आहे.

आता अडचण पहिली. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिअँपिअर-तास इतका लेप सुरेख येतो. ४ वर गेले की तडकतो. लेप देऊन फॉइल गरम हवेच्या ओव्हनमध्ये ठेवते. पहिली काही मिनिटं पृष्ठभाग ओला, काळाभोर, चकचकीत दिसतो. मग कडेकडून मंद होत आत येतो, आणि चमक पूर्ण जाते त्याच सुमाराला मधोमध केसाएवढी रेघ उमटते. तिला दुसरी येऊन मिळते, आणि बघता बघता तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा खपल्या होतात. फॉइल बोटाभोवती वाकवली की खपली उचलून येते, आणि खालची फॉइल जवळजवळ स्वच्छ असते. म्हणजे लेप नुसता तडकत नाही, चिकटतही नाही. ओव्हनचं तापमान कमी केलं तर तडे कमी होतात, पण जात नाहीत. सीएमसी वाढवलं तर स्लरी इतकी घट्ट होते की पसरत नाही.

दुसरी अडचण मला जास्त छळते आहे. वार्षिक आढाव्यात एका परीक्षकांनी विचारलं, "द्रावक बदलला म्हणजे बॅटरी पर्यावरणस्नेही झाली, हे कशावरून?" मी एनएमपीची विषारीता सांगितली, वाळवणीतली बचत सांगितली. ते म्हणाले, बचत कशाच्या मानाने मोजली? उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हिशेब मांडला, आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

आकडे केवळ हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. १ युनिट, म्हणजे १ किलोवॅट-तास, क्षमतेची बॅटरी घडवताना ७० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरू. ती ६००० वेळा चालली, दर वेळी ८० टक्के वापरली, आणि म्हातारपण धरून सरासरी ९० टक्के क्षमता उरली, तर आयुष्यभरात ४३२० युनिट देईल. दिलेल्या प्रत्येक युनिटमागे १६.२ ग्रॅम. आता माझ्या पद्धतीने घडवतानाचं उत्सर्जन १० टक्के वाचलं, ६३ किलो झालं, पण इलेक्ट्रोड लवकर सुटू लागल्याने बॅटरी ४५०० वेळाच चालली, तर दर युनिटमागे १९.४ ग्रॅम! पर्यावरणस्नेही म्हणून केलेली बॅटरी जुनीपेक्षा वाईट. आयुष्य १० टक्के घटलं तरी सगळी बचत गेली.

तर प्रश्न असे: तडे कसे थांबवू? हिशेबाचं माप कोणतं धरू? आणि प्रयोगशाळेत मला मिळणाऱ्या आकड्यांवरून आयुष्याबद्दल प्रामाणिकपणे काय म्हणता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तडे नीट निरखून पाहिलेत हे फार चांगलं केलंत, त्यावरूनच निदान होतं. जाळीसारखे, एकमेकांना मिळणारे तडे म्हणजे वाळताना आलेला ताण. गोल, टाचणी टोचल्यासारखी भोकं असती तर मी ॲल्युमिनियमवर हायड्रोजनचे बुडबुडे येताहेत म्हटलं असतं. तरी स्लरीचा सामू मोजा. ९ च्या वर असेल तर फॉइल सुरक्षित नाही.

ताण येतो तो केशाकर्षणाने. पाणी आटत जातं तसं कणांमधल्या फटींत त्याचा दाब कणांना एकमेकांकडे ओढतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, एनएमपीचा साधारण ४१. त्यात एलएफपीचे कण अगदी बारीक, आणि फट जितकी लहान तितका दाब मोठा. म्हणून तुमची चमक जाते त्याच क्षणी रेघ उमटते. प्रत्येक स्लरीची एक जाडी असते, तिच्या खाली तडा जात नाही. तुम्हाला ती जाडी वर ढकलायची आहे.

मी पहिल्यांदा घन पदार्थाचं प्रमाण वाढवीन. पाणी कमी असेल तर आकसणंही कमी. त्यासाठी कालवण्याचा क्रम बदला: सीएमसीचं द्रावण थोडंच घेऊन पूड आणि कार्बन ब्लॅक त्यात कणकेसारखं घट्ट मळा, मग पाणी घालत पातळ करा, आणि एसबीआर अगदी शेवटी, हलक्या हाताने. जोरात ढवळलं की त्याचे कण फुटून गोळा होतात. कार्बन ब्लॅकला पाणी आवडत नाही, सीएमसीच त्याला सुटं ठेवतं, म्हणून सीएमसी सुरुवातीलाच हवं.

खालची फॉइल स्वच्छ निघते, याचा अर्थ बाइंडर वर गेलाय. जोरात वाळवलं की पाण्याबरोबर तो पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि तळ कोरडा राहतो. वाळवण दोन टप्प्यांत करा, सुरुवात मंद. साध्या फॉइलऐवजी कार्बनचा पातळ थर दिलेली फॉइल घेऊन पाहा, पकडीत मोठा फरक पडतो, आणि सामूपासूनही संरक्षण मिळतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं तर पृष्ठताण उतरतो आणि तडे थांबतात. चालतं ते. पण तुमच्या विषयाचा विचार करता ते शेवटी ठेवा, कारण ज्वलनशील वाफ परत ओव्हनमध्ये आणलीत की एनएमपीचीच अडचण दुसऱ्या दाराने आत येते.

प्रतिसाद २

जीवनचक्र-मूल्यांकनावर, म्हणजे वस्तू घडण्यापासून टाकून देईपर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजण्यावर, काम करतो. तुमच्या परीक्षकांचा प्रश्न रास्त आहे, आणि घरी मांडलेला हिशेब योग्य दिशेचा आहे. माप तेच धरा: आयुष्यभरात दिलेलं एक युनिट. २०२३ च्या युरोपीय बॅटरी कायद्यातही कार्बन ठशाचं माप हेच आहे. मात्र वापराच्या काळातली हानी त्या हिशेबातून साधारणपणे बाहेर ठेवली आहे, आणि तुमच्या विषयासाठी ती सोडून चालणार नाही.

का ते पाहा. बॅटरीची फेरी-कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर १ युनिट परत मिळवायला १.१८ युनिट भरावं लागतं, म्हणजे ०.१८ वाया. भरण्याची वीज युनिटमागे ६०० ग्रॅमची असेल, तर हानीपोटी सुमारे १०६ ग्रॅम. कार्यक्षमता ८८ असेल तर ८२. फक्त ३ टक्क्यांत २४ ग्रॅमचा फरक, आणि तुमच्या हिशेबात अख्खी बॅटरी घडवण्याचे १६ ग्रॅम होते! उलट भरण्याची वीज ५० ग्रॅमची असेल तर ८५ टक्क्यांना हानीपोटी जेमतेम ९ ग्रॅम, आणि मग घडवतानाचं उत्सर्जन वरचढ ठरतं. जाळं जसं स्वच्छ होत जाईल तसं तुमच्या कामाचं वजन वाढत जाईल. प्रबंधात हे दोन्ही टोकांनी दाखवा.

आणखी एक. "पाणी म्हणजे वाळवणीत बचत" हे गृहीत धरू नका. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता एनएमपीच्या साधारण चौपट आहे. बचत होते ती हवेचं प्रमाण कमी करता येतं आणि वाफ परत धरावी लागत नाही यामुळे. आणि पाण्यातून केलेला इलेक्ट्रोड सेलमध्ये जाण्याआधी निर्वातात जास्त वेळ वाळवावा लागत असेल, तर ती ऊर्जा तुमच्याच खात्यात पडते. तुमच्या लहान ओव्हनचं मीटर वाचून कारखान्याचा आकडा काढू नका. तिथे चार ग्रॅम लेपासाठी अख्खी पेटी तापते.

एक जमेची बाजू तुम्ही लिहिलीच नाहीत. पीव्हीडीएफ हा फ्लोरिनयुक्त पॉलिमर आहे, निसर्गात कुजत नाही. सीएमसी पाण्यात विरघळतं, त्यामुळे जुन्या बॅटरीचा लेप फॉइलवरून सोडवणं सोपं होऊ शकतं. कोरड्या लेपनात द्रावक पूर्णच जातो, पण तिथे बाइंडर बहुधा पीटीएफई असतो, तोही फ्लोरिनचाच. तुमची तुलना या दोघांशी व्हायला हवी.

प्रतिसाद ३

साठवण केंद्राच्या बाजूने लिहिते. "जाळ्याची साठवणूक" हा एकच उपयोग नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं हॉर्न्सडेल हे बॅटरी-केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तास होतं, म्हणजे पूर्ण ताकदीने सव्वा तास. वारंवारता सावरायला तिथे झटक्यात मोठी शक्ती लागते. तुमचा जाड इलेक्ट्रोड त्या कामाचा नाही. चीनमध्ये दालियानला २०२२ साली व्हॅनेडियमची प्रवाही बॅटरी (टाक्यांतल्या द्रावणात ऊर्जा साठवणारी) जोडली ती १०० मेगावॅट, ४०० मेगावॅट-तास, म्हणजे ४ तासांची. तुमची खरी स्पर्धा या गटाशी आहे. तिथे फेरी-कार्यक्षमता कमी, पण विद्रावात क्षय फारसा साठत नाही.

रोज एक फेरी धरली तर ६००० फेऱ्या म्हणजे १६ वर्षांहून जास्त. इतक्या काळात बॅटरी वापराने झिजतेच, पण नुसती बसूनही बरीच झिजते. म्हणून फेऱ्यांबरोबर साठवण-चाचणी करा: पूर्ण भरलेला सेल ४५ अंशांना ठेवून दर महिन्याला क्षमता मोजा. तुमच्या इलेक्ट्रोडमध्ये पाणी राहिलं असेल तर ते याच चाचणीत उघडं पडेल. पाणी आणि एलआयपीएफ६ (सेलमधल्या द्रवातलं लिथियमचं मीठ) मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, ते लोह विरघळवतं, आणि ते लोह ग्रॅफाइटवर जाऊन बसतं. लिथियम धातूसमोर लावलेल्या, नाण्याएवढ्या कॉइन सेलमध्ये हे दिसणार नाही, तिथे लिथियमचा साठा अमर्याद असतो. ग्रॅफाइटसमोर, पिशवीसारख्या पाउच सेलमध्ये करा. शेजारी त्याच पुडीचा, त्याच जाडीचा, त्याच सच्छिद्रतेचा एनएमपीतून केलेला सेल ठेवा.

आणि विद्युतभाराची (भरलेला भार किती परत आला) नव्हे, ऊर्जेची कार्यक्षमता नोंदवा, ०.२५सी ला. जाड लेपाचा रोध तिथेच कळतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सामू मोजला, ९.४ आला. कार्बनचा थर दिलेली फॉइल मागवली आहे. तोवर घट्ट मळून, दोन टप्प्यांत वाळवून पाहिलं: ३ मिलिअँपिअर-तासांपर्यंत एकही तडा नाही, साडेतीनला फक्त कडेला दोन रेघा. फॉइल वाकवल्यावर खपली सुटली नाही, लेपाचा काळा डाग फॉइलवर राहिला.

माझ्या नोंदींत सगळीकडे विद्युतभाराचीच कार्यक्षमता आहे, आणि ती ९९.९ दिसते म्हणून मी निर्धास्त होते. जुन्या फाइली उघडून ऊर्जेची काढते आहे. परीक्षकांना लिहिलंय की पुढच्या आढाव्यात सगळे आकडे दिलेल्या युनिटमागे मांडीन, आणि ४५ अंशांच्या चाचणीला सहा महिने द्यावेत.

एक प्रश्न उरतो. निर्वातात १२० अंशांना रात्रभर वाळवते. इलेक्ट्रोडमध्ये किती पाणी उरलं तर चालतं, आणि ते मोजायला कार्ल फिशर या रासायनिक चाचणीशिवाय दुसरी भरवशाची पद्धत कोणी वापरली आहे का? आमच्याकडे ते यंत्र नाही.