गोदाकाठची बंद तेलगिरणी: घरं आणि बाग करायची, तर सुरुवात कुठून?

प्रश्न – काठावरचा
नांदेडच्या बाजूला गोदावरीला लागून 6 एकरांची जुनी जिनिंग आणि सरकी तेलगिरणी आहे. सॉल्व्हंट प्लांट (रसायनानं तेल काढायचा), बॉयलर, डिझेलची जमिनीतली टाकी, सगळं बंद. मालक म्हणायलेत की वरच्या अंगाला चार इमारती आणि नदीकडे बाग. 7/12 वर अकृषिक औद्योगिक नोंद आहे. आधी काय तपासावं?

उत्तर – मोजणीदार
आधी पूररेषा. जलसंपदा विभागाची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या. दोन्हींची पातळी मीटरमध्ये घ्या आणि मोजणीच्या नकाशावर चढवा. नुसत्या रंगीत रेघेवर आर्किटेक्टनं काम सुरू केलं की पुढं सगळा ले-आऊट फिरतो. निळ्या रेषेच्या आत इमारत विसरा. निळी ते लाल पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीच्या किमान 0.45 मीटर वर हवं.

कागदांत 7/12 वर थांबू नका. 1954-55 चं खासरापत्रक, म्हणजे मराठवाड्यातली जुनी जमीन-नोंद, काढा. जमीन मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) किंवा खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या) इनामाची, वर्ग-2 ची म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी निघाली, किंवा हैदराबाद कूळकायद्याच्या कलम 38-ई खाली मालक झालेलं कूळ निघालं, तर ते आधी सोडवावं लागेल. बंद कारखाना असल्यानं कामगारांची देणी भागल्याचं कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्रही लागतं. फाईल इथंच अडते.

उत्तर – मातीपरीक्षक
इमारती वर, बाग खाली हे कागदावर शहाणपणाचं दिसतं. पण कारखान्यानं राख, तेलकट गाळ, सांडपाणी टाकलं असेल ते उताराला, म्हणजे नदीकडंच. पोरं खेळणार ती माती सगळ्यात घाण असू शकते.

बॉयलर, टाकी, सॉल्व्हंट प्लांट, राखेचा ढीग या जागी खड्डे दाट घ्या, बाकी जागेत 20 ते 25 मीटरला एक. नमुने 0.5, 1.5 आणि 3 मीटरवरचे. शिसं, क्रोमियम, आर्सेनिक, पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पीएएच (तेल-कोळसा जळून होणारी घातक संयुगं) तपासा. काळी माती तेल धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तडकते आणि भेगांतून घाण खाली जाते. वरचा नमुना स्वच्छ आला म्हणून हुरळू नका. भूजल तपासायच्या निरीक्षण विहिरी तीन: एक वरच्या अंगाला, दोन नदीकडं. पाणी मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा तपासा. विष्णुपुरी धरणातून पाणी सुटून नदी फुगली की प्रवाह नदीकडून काठात उलटा शिरतो, आकडे बदलतात.

काठावरचा
मग बागेवर दोन फूट चांगली माती टाकून झाकलं तर?

मातीपरीक्षक
लाल रेषेच्या वर चालेल: खाली रंगीत जिओटेक्स्टाईल (मातीत अंथरायचं कृत्रिम कापड), वर 60 सेंटिमीटर स्वच्छ माती. निळ्या रेषेच्या आत नाही. भराव पुराला अडवतो, आणि पुरानं तो धुऊन नेला की घाण पुन्हा उघडी. तिथं खोदून काढायचं आणि मूळ पातळीइतकंच भरायचं. हिशोब बघा: 40 बाय 25 मीटरचा तुकडा, 1.2 मीटर खोल, म्हणजे 1,200 घनमीटर. मोकळी झालेली माती 1,500 च्या आसपास, म्हणजे 14 घनमीटरच्या हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) शंभरावर खेपा. त्यात घातक निघालेली रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रावरच न्यावी लागते. म्हणून घातक आणि साध्या मातीचे ढीग वेगळे ठेवा, खाली-वर प्लास्टिक. सगळं एकत्र केलं की सगळंच घातक धरलं जातं, आणि वाहतुकीचं बिल जमिनीच्या भावाशी स्पर्धा करतं. काम डिसेंबर ते मे. खड्ड्यात साचलेलं पाणी पंपानं नाल्यात सोडू नका.

उत्तर – साईटवाला
पाडकामाचं राहिलं. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. पाणी मारून अख्खे उतरवा, घणानं फोडू नका. टाकी कापायच्या आधी रिकामी करून आतली डिझेलची वाफ काढा, गॅस मोजायचं मीटर लावा. गॅसकटरची ठिणगी अन् टाकीतली वाफ, राव, जीव जातो.

20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. पाया काळ्या मातीवर टेकवू नका, पक्क्या मुरमात किंवा खडकात न्या. नदीकाठी गाळाचा थर खोल असू शकतो, म्हणून प्रत्येक इमारतीखाली वेगळं बोअर घ्या.