पद्मिनीचा पार्किंग लाइटचा फ्यूज सारखा उडतोय, १६ चा टाकला तर वास येतो

मागचा_दिवा:
प्रीमियर पद्मिनी, १९९४ ची, पेट्रोल, अल्टरनेटरवाली. मागचे लाल दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरचे दिवे ज्या फ्यूजवर आहेत तो ८ अँपिअरचा फ्यूज उडतो. पार्किंग लावल्यावर कधी वीस मिनिटं टिकतो, पण गाडी खड्ड्यात आदळली की हमखास जातो. हेडलाइट, हॉर्न, वायपर ठीक आहेत. शिवाय पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला तर मीटरचे दिवे मिणमिणतात.

इलेक्ट्रिशियनने १६ चा फ्यूज टाकून दिला. तो टिकतो, पण डॅशखालून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो. आता म्हणतात अख्खं वायरिंग बदला. त्याआधी घरी काय काय तपासता येईल? मल्टीमीटर आहे.

जुनं_वायरिंग:
पहिलं काम, तो १६ चा आत्ता काढा. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, बल्ब वाचवायला नव्हे. आणि १६ चा फ्यूज १६ वर लगेच उडत नाही, थोडा वेळ त्याहून जास्तही सोसतो. तेवढ्यात वायरींच्या जुडग्याच्या आतल्या वायरीचं कवच मऊ पडतं आणि शेजारच्या वायरीला चिकटतं. मग एका दोषाचे चार होतात. वास येतोय तो त्याचाच.

आता हिशोब मांडा. पुढचे पार्किंग ५ वॅटचे दोन, मागचे ५ चे दोन, नंबर प्लेटचा ५, मीटरचे तीन-चार बारीक बल्ब मिळून दहा-बारा. एकूण ३५ च्या आसपास वॅट, म्हणजे १२ व्होल्टला तीन अँपिअरसुद्धा नाही. तेव्हा लोड जास्त झाला म्हणून ८ चा उडतोय, हे शक्य नाही. एक तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय, नाहीतर फ्यूजची क्लिप, म्हणजे फ्यूज ज्या धातूच्या पात्यांत बसतो ती, तापतेय. तुमची लक्षणं वाचून मला दोन्ही वाटतात: खड्ड्यात जातो तो घासण्याने, वीस मिनिटांनी जातो तो उष्णतेने.

उडालेले फ्यूज टाकून दिले नसतील तर बघा. पांढऱ्या चिनी मातीच्या दांड्यावरची पट्टी मधोमध तुटून तिथे काळा शिंतोडा उडाला असेल तर शॉर्ट. पट्टी फ्यूजच्या टोकाच्या धातूच्या टोपीला लागून वितळली असेल आणि टोपी काळवंडली असेल, तर करंट बेताचाच होता, क्लिपच्या उष्णतेने ती मेली.

शॉर्ट शोधायला एकामागून एक फ्यूज जाळू नका. २१ वॅटचा एक बल्ब, एक होल्डर, दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिपा, एवढा टेस्ट लॅम्प बनवा. फ्यूज काढा आणि त्याच्या जागी फ्यूजच्या दोन्ही क्लिपांना हा लॅम्प जोडा. पुढचे, मागचे आणि नंबर प्लेटचे सगळे बल्ब होल्डरमधून काढून ठेवा. मग पार्किंगचा स्विच चालू करा.

लॅम्प लखलखीत पेटला, तर वायर थेट बॉडीला लागलीय. विझलेलाच राहिला, तर आत्ता या क्षणी शॉर्ट नाही. मीटरचे बल्ब काढायला डॅश उघडावा लागतो, ते आत राहिले तरी चालेल. मग लॅम्पची तार जेमतेम तांबूस दिसेल, त्याला फसू नका. मधे २१ वॅटचा बल्ब असल्यामुळे पक्का शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही, त्यामुळे वायर जळायची भीती नाही. लॅम्प दिसेल असा टांगा आणि वायरिंग एकेका ठिकाणी हलवत जा. जिथे भपकन पेटेल तिथे दोष.

डिकीतला_जॅक:
वरचा प्रतिसाद बरोबर. फक्त हलवायची सुरुवात डॅशपासून करू नका, मागून करा. या गाड्यांत मागे जाणारी जुडगी जिथे पत्र्याच्या भोकातून डिकीत शिरते, तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) तीस वर्षांत दगड झालेलं असतं किंवा पडून गेलेलं असतं, आणि पत्र्याची कड सुरीचं काम करते. दुसरं ठिकाण स्टेपनी आणि जॅकच्या आसपास. स्टेपनी सैल असेल तर प्रत्येक खड्ड्याला ती वायरीवर बसते. मग टेल लॅम्पचे होल्डर. आतलं फायबर भिजून फुगतं आणि स्प्रिंगचं टोक बाजूच्या पत्र्याला टेकतं.

पुढच्या बाजूला स्पीडोमीटरची केबल मीटरला जिथे चढते तिथे बघा. तिचं बाहेरचं आवरण धातूचं असतं आणि मीटरच्या दिव्याचा उघडा लग (वायर जोडायचं धातूचं टोक) तिला टेकतो. नंतर कोणी रेडिओ, चार्जर, एलईडी पट्टी बसवली असेल तर बहुतेक वेळा त्याच पार्किंगच्या वायरीला सोलून, पिळून, वर टेप गुंडाळलेली असते. उन्हाने टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप आपोआप उलगडते. हे सगळे जोड आधी सोडवा.

ब्रेक दाबल्यावर मीटर मिणमिणतं त्याची दोन कारणं असू शकतात. मागे २१/५ वॅटचा, तळाला करंट घेणारी दोन टिपकी असलेला बल्ब लागतो, त्याच्या पिना खालीवर असतात. तिथे कोणी २१ वॅटचा एका टिपक्याचा बल्ब दाबून बसवला असेल तर त्याचं मोठं टिपकं होल्डरच्या दोन्ही टोकांना जोडून टाकतं. मग ब्रेकचा करंट पार्किंगच्या लाइनीत शिरतो. बल्ब काढून खाली बघितलं की कळतं.

दुसरं कारण खराब अर्थ, म्हणजे होल्डरची बॉडीशी असलेली जोडणी. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला होल्डरवरून बॉडीत जायला वाट मिळाली नाही, तर तो ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो आणि मीटरच्या बल्बांतून अर्थ शोधतो. अशा वेळी त्या बाजूचा ब्रेक लाइटही मंद असतो. होल्डरच्या धातूपासून बॉडीच्या स्वच्छ खरवडलेल्या बोल्टपर्यंत एक वायर तात्पुरती धरा. मिणमिण गेली तर अर्थच.

मागचा_दिवा:
दोघांचेही आभार. आज केलं ते असं.

तीन जुने फ्यूज सापडले. दोघांची पट्टी टोकाशी वितळलेली आणि टोपी काळी, एकाची मधोमध. टेस्ट लॅम्प लावला, बल्ब काढले, मीटरचे ठेवले. तार तांबूस. डॅशखाली बरंच हलवलं, फरक नाही. डिकीत स्टेपनी हाताने ढकलली तर लॅम्प लख्ख पेटला, सोडली की परत तांबूस. खाली बघितलं तर वायरीचं कवच नखाएवढं गेलंय, आत तांबं चकचकीत, आणि समोरच्या पत्र्यावर रंग जाऊन बारीक खोबण पडलीय. ग्रोमेट नाहीच.

बल्ब दोन्ही बरोबर आहेत, २१/५ चे. उजवीकडच्या होल्डरला अर्थची वायर धरली तर मीटरची मिणमिण थांबली.

क्लिपांचं कसं मोजायचं?

जुनं_वायरिंग:
ती उघडी जागा आधी टेपने झाका. मग बल्ब परत बसवा, ८ चा चांगला फ्यूज घाला आणि पार्किंग चालू ठेवा. मल्टीमीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर. एक टोक क्लिपच्या मागच्या लगवर, दुसरं त्याच बाजूच्या फ्यूजच्या टोपीवर. चांगल्या क्लिपेला जवळजवळ शून्य दिसतं. ०.१ च्या वर गेलं की साफ करायची. दुसऱ्या बाजूलाही तसंच. ओहमच्या रेंजवर मोजू नका. साध्या मल्टीमीटरला इतका बारीक रोध धड दिसत नाही, करंट वाहत असतानाच तो पकडता येतो.

मागचा_दिवा:
एका बाजूला ०.०४, दुसऱ्या बाजूला ०.६. हात लावला तर चटका बसतो.

जुनं_वायरिंग:
०.६ व्होल्ट गुणिले तीन अँपिअर, म्हणजे चण्याएवढ्या क्लिपेत जवळपास पावणेदोन वॅट उष्णता. फ्यूजची पट्टी त्यालाच बळी पडत होती.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. हे सोडू नका, कारण या गाड्यांत इग्निशन, स्टार्टर आणि चार्जिंगच्या वायरींना फ्यूज नसतो. पाना चुकून टेकला तर मधे थांबवायला काही नाही. क्लिप बारीक पॉलिश पेपरने फक्त चकाकेपर्यंत घासा. मग बारीक पकडीने दोन्ही पाती किंचित आत वळवा. फ्यूज जोर लावून बसला पाहिजे, बोटाने फिरवला तर घट्ट फिरला पाहिजे. वर व्हॅसलीनचा पुसट हात. पात्याचा ताव गेला असेल, म्हणजे वळवून परत सैल होत असेल, तर साफ करून उपयोग नाही, क्लिप बदला. मागचा रिव्हेटही बघा, बऱ्याचदा खरा रोध तिथे असतो. नवे फ्यूज घेताना ॲल्युमिनियमच्या पट्टीचे टाळा, तांब्याच्या किंवा पितळी पट्टीचे मागा. रंग लक्षात असू द्या: पांढरा ८, लाल १६.

डिकीतला_जॅक:
वायरीचं सांगतो. नुसती टेप गुंडाळून सोडू नका. घासलेला तुकडा कापा आणि दोन्ही बाजूंनी तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे जा. काळं पडलेल्या तांब्याला सोल्डर धरत नाही. दोन-तीन इंच कापावं लागेल, म्हणून मधे १ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर घाला. हीटश्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) आधी ओवून ठेवा (सगळे विसरतात), मग सोल्डर, मग स्लीव्ह तापवून बसवा. दोन वायरींचे जोड समोरासमोर नकोत, बोटभर पुढेमागे घ्या. नवं ग्रोमेट भोकाच्या मापाचं, आणि जुडगीला थोडा ढिला झोल ठेवून क्लिपने पत्र्याला धरा. स्टेपनी आवळून बसवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

उजव्या होल्डरला स्वतंत्र अर्थ द्या. वायरीच्या टोकाला रिंग थिंबल (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) लावून बॉडीच्या बोल्टवर, खालचा रंग खरवडून. ब्रेक दाबून ठेवलेला असताना होल्डरचा धातू आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये ०.२ व्होल्टच्या वर दिसता कामा नये.

ब्लेड_फ्यूज:
एवढं उघडलंच आहे तर तो फ्यूजबॉक्स काढून ब्लेड फ्यूजचा, म्हणजे चपट्या पात्यांच्या फ्यूजचा, का बसवत नाही? ८ च्या जागी ७.५ चा तपकिरी, १६ च्या जागी १५ चा निळा. पकड पक्की आणि कुठल्याही दुकानात मिळतो.

जुनं_वायरिंग:
बसवता येतो, पण सरसकट सल्ला म्हणून मला पटत नाही. जुने लग कापून नवे दाबताना आठ-दहा नवे जोड तयार होतात, आणि ते दाबायला धड क्रिम्पिंगची पकड नसेल तर आजच्या एका खराब क्लिपेऐवजी उद्या चार. प्लॅस्टिकचा बॉक्स वितळला असेल तर मात्र जरूर बदला.

मागचा_दिवा:
प्लॅस्टिक ठीक आहे, क्लिपा साफ करतो. शेवटचं: हेडलाइटला १००/९० चे हॅलोजन टाकायचा विचार होता.

जुनं_वायरिंग:
१०० भागिले १२, म्हणजे एका बल्बला ८.३ अँपिअर. ८ चा फ्यूज तिथेच संपला, आणि डिपरच्या स्विचचे पॉइंट त्याच्याही आधी जळतील. ६०/५५ चे घ्या आणि रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावा, अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर प्रत्येकी १५ चा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून दोन्ही बल्ब, ८५ बॉडीला, ८६ ला हेडलाइटची जुनी वायर. जुन्या वायरीवर मग फक्त रिलेची कॉइल उरते, पाव अँपिअरसुद्धा नाही. तिथला ८ चा पांढरा फ्यूज आहे तसाच राहू द्या.