दुसऱ्या संस्कृतीवर शाळेचा प्रोजेक्ट: चार्ट सोडून काय करता येईल?

पाचवीचीआई:
मुलीला 'जगातली एक संस्कृती' असा प्रोजेक्ट मिळालाय, विषय आपणच निवडायचा आहे. नेटवर बघितलं तर सगळीकडे तेच, झेंडा, राजधानी, पोशाख, नाच, प्रिंटआऊट काढा आणि चार्टवर चिकटवा. मार्क मिळतीलही पण डोक्यात काय राहणार, उलट मुलांना वाटतं की तिकडचे लोक रोज उठून तोच पोशाख घालून नाचत असतात. तिने हाताने काहीतरी करावं आणि ती माणसं विचार कसा करतात हे थोडं तरी कळावं अशी इच्छा आहे. कुणी असं काही करून घेतलंय का?

गणितवाली:
अख्खा देश घेऊच नका, एक वस्तू घ्या. मी वर्गात किपू, म्हणजे हिशेब ठेवायचे गाठींचे दोरे, करून घेते आणि मुलं अक्षरशः हलत नाहीत जागची. पेरूच्या इंका लोकांकडे आपल्यासारखी लिपी नव्हती, पण एवढ्या मोठ्या साम्राज्याचे हिशेब ते दोऱ्यांच्या गाठींत ठेवायचे. एक आडवा जाड दोरा, त्याला लटकणारे बारीक दोरे, आणि पद्धत दशमानच. शतकाच्या गाठी वर, मग दशक, एकक खाली टोकाकडे. दशक-शतकाला साध्या गाठी, पण एककाला जितका आकडा तितके वेढे असलेली एकच लांब गाठ. आता ३०४ करायचे तर वर तीन साध्या गाठी, मध्ये मोकळी जागा, खाली चार वेढ्यांची गाठ. म्हणजे शून्य म्हणजे रिकामा दोरा! आणि एकक १ असेल तर एका वेढ्याची गाठ साध्या गाठीसारखीच दिसणार ना, म्हणून त्याला इंग्रजी आठच्या आकाराची वेगळी गाठ. हे मुलांना आधी सांगायचं नाही, ४१ करायला द्यायचं आणि अडू द्यायचं, मग त्यांनाच कळतं की त्या लोकांनी किती बारीक विचार केला होता. हे आकडे वाचायची रीत अमेरिकन अभ्यासक लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये मांडली, पण सगळे किपू अजून उलगडलेले नाहीत, हेही मुलांना जरूर सांगा, त्यांना फार आवडतं.

दर्यावर्दी:
+१. माझं मत प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरच्या काड्यांच्या नकाशांना. नारळाच्या झावळीच्या काड्या बांधून केलेले असतात, शिंपले म्हणजे बेटं आणि वाकवलेल्या काड्या म्हणजे बेटाला अडून वळणाऱ्या लाटा. गंमत म्हणजे नाविक हा नकाशा बरोबर न्यायचेच नाहीत, किनाऱ्यावर पाठ करायचे आणि समुद्रात होडी कशी हलतेय त्यावरून ओळखायचे. मुलीला परातीत पाणी घेऊन मध्ये दगड ठेवायला सांगा, एका बाजूने लाटा करा, दगडामागे त्या कशा वळतात ते बघून मग काड्या बांधू दे.

जुनासभासद:
वस्तू छानच, पण मग ती संस्कृती म्हणजे म्युझियममधली गोष्ट होऊन बसते. आजची माणसं त्यात यायला हवीत. पेरूतल्या तुपिकोचा गावात अजून किपू जपून ठेवलेत आणि गावाच्या समारंभात ते बाहेर काढतात, तेवढं तरी जोडा. शाळा तयार असेल तर तिकडच्या वर्गाशी गाठ घालून देता येते, आयअर्न हे नेटवर्क १९८८ पासून शाळाशाळांचे एकत्र प्रोजेक्ट करतंय, त्यात लहान मुलं एकमेकांना टेडी पाठवतात आणि टेडीच्या नावाने डायरी लिहितात. अशा गप्पांत 'तुमचा सण कोणता' विचारण्यापेक्षा 'मधल्या सुट्टीत काय खेळता, शाळेत कसे जाता' विचारलं की खरी माणसं भेटतात.
अजून एक, वेशभूषा करायची झालीच तर जपून. अमेरिकेतल्या लकोटा या मूळ रहिवासी लोकांत गरुडाच्या पिसांचा मुकुट मान म्हणून मिळवावा लागतो, तो कागदी करून मिरवणं बरोबर नाही.

पाचवीचीआई:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! मुलीला वाचून दाखवलं, तिला किपूच हवाय, वर्गाची रोजची हजेरी गाठींत मांडायची म्हणते. दोरा कुठला घेऊ?

गणितवाली:
मस्त कल्पना! मूळ किपू कापसाचे किंवा लामा-अल्पाकाच्या लोकरीचे असायचे, तुम्ही जाडसर सुती दोरा घ्या, नायलॉन नको, गाठ सुटते. लांब गाठीत बराच दोरा जातो तेव्हा हातभर तरी ठेवा. आणि मुलामुलींची हजेरी वेगळी मांडायची असेल तर दोन रंग घ्या, इंकाही रंगीत दोरे वापरायचे. झाल्यावर वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो वाचायला लावा, बरोबर वाचता आला तरच किपू जमला.