मदत हवी आहे: ‘एमएस’ या संक्षेपाचा नेमका अर्थ कोणता?

अनुवादयात्री
एका मजकुराचा मराठी अनुवाद करताना मी ‘एमएस’ या संक्षेपापाशी अडलो आहे. त्याचे पूर्ण रूप मजकुरात कुठेही दिलेले नाही आणि शोध घ्यावा तर प्रत्येक ठिकाणी निराळेच उत्तर मिळते. काम उद्या सकाळी द्यायचे आहे, तेव्हा जाणकारांनी कृपया एकच नेमका अर्थ सांगावा.

लोहकर्मी
माइल्ड स्टील. कारखान्याच्या आराखड्यांत एमएस पत्रा, एमएस पाइप, एमएस अँगल असेच लिहिलेले असते. कार्बनचे प्रमाण कमी, साधारण ०.२५ टक्क्यांपर्यंत असल्यामुळे हे पोलाद सहज वाकवता येते आणि त्याला वेल्डिंगही चांगले बसते. अनुवादात ‘सौम्य पोलाद’ असे न लिहिता ‘माइल्ड स्टील’च ठेवावे, कारण काम करणारी माणसे तेच म्हणतात.

मापनप्रेमी
आधी मूळ रोमन अक्षरे लहान आहेत की मोठी, हे सांगावे. दोन्ही अक्षरे लहान असतील तर ते मिलिसेकंद. पहिले लहान आणि दुसरे मोठे असेल तर मिलिसिमेन्स, म्हणजे विद्युतवाहकतेचे एकक. पहिले मोठे आणि दुसरे लहान असेल तर मेगासेकंद. देवनागरीत ‘एमएस’ लिहिले की हा सगळा भेद पुसला जातो, म्हणून अशा प्रश्नात मूळ लेखन कसे आहे हे कळल्याशिवाय उत्तर देणे योग्य नाही.

पोथीशोधक
ग्रंथसंपादनात हाच संक्षेप हस्तलिखितासाठी वापरतात आणि अनेक हस्तलिखिते असतील तर शेवटी आणखी एक ‘एस’ जोडतात. आपल्या मजकुरात पाठभेदांची चर्चा आहे का?

अनुवादयात्री
मजकूर एका रुग्णाच्या कागदपत्रांचा आहे आणि अक्षरे दोन्ही मोठी आहेत. पोलाद, एकके आणि हस्तलिखिते यांचा येथे संबंध नाही. कृपया वैद्यकीय अर्थ सांगावा.

मज्जारज्जू
मग प्रश्न सुटला. मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंच्या मायेलिन आवरणावरच हल्ला करते. फ्रेंच चेतारोगतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ साली पॅरिसमध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. माझ्या घरात हा आजार असल्याने आमच्या प्रत्येक कागदावर ‘एमएस’ हाच शब्द असतो.

हृत्स्पंद
आपल्या घरातील अनुभवाविषयी पूर्ण आदर आहे, पण त्यावरून दुसऱ्या रुग्णाचे निदान ठरवता येणार नाही. हृदयरोग विभागात एमएस म्हणजे मायट्रल स्टेनोसिस, म्हणजेच हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप अरुंद होणे. अनुवादयात्री, सुटा शब्द न देता पूर्ण ओळ द्यावी.

अनुवादयात्री
ओळ अशी आहे: ‘एमएस, एएफ, डावा वरचा कप्पा विस्तारलेला.’ खाली औषधांच्या रकान्यात पुन्हा ‘एमएस ४ मिग्रॅ, शिरेतून’ असे आहे. दोन्ही ठिकाणी एकच अर्थ धरायचा ना?

हृत्स्पंद
नाही, आणि ही दुसरी ओळ आपण आरंभीच द्यायला हवी होती. झडप अरुंद झाली की रक्त पुढे जाताना अडते, वरच्या कप्प्यातील दाब वाढतो, तो कप्पा ताणून मोठा होतो आणि त्यातून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ‘एएफ’ ही ठोक्यांची अनियमितता उद्भवते. तिन्ही गोष्टी एकमेकींशी इतक्या जुळतात की पहिल्या ओळीत मायट्रल स्टेनोसिसच आहे. दुसऱ्या ओळीतील एमएस हे औषध आहे आणि मात्रा पाहता ते मॉर्फिन सल्फेट हे तीव्र वेदनाशामक असावे.

औषधदक्ष
‘असावे’ या शब्दावर अनुवाद उभा करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. हाच संक्षेप मॅग्नेशियम सल्फेटसाठीही समजला जाऊ शकतो आणि ही दोन औषधे अगदी भिन्न आहेत. या गोंधळामुळेच रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ साली जाहीर केलेल्या वर्ज्य संक्षेपांच्या यादीत ‘एमएस’ घातला आणि औषधाचे पूर्ण नाव लिहिण्यास सांगितले.

हृत्स्पंद
मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देताना मात्रा सहसा ग्रॅममध्ये असते. ४ मिलिग्रॅम ही मात्रा मॉर्फिनलाच शोभते.

औषधदक्ष
आपला तर्क मला पटतो, परंतु मात्रा लिहिणाऱ्याने एककही अचूकच लिहिले असेल, असे आपण गृहीत धरत आहात. डॉक्टरांना विचारणे शक्य असताना अनुवादकाने औषधाचे नाव स्वतः ठरवू नये. उत्तर येईपर्यंत मूळ संक्षेप रोमन अक्षरांतच ठेवून शेजारी ‘पूर्ण रूप मुळात नाही’ अशी टीप द्यावी.

शुद्धलेखनी
मराठीत लिहिताना ‘एम.एस.’ असे पूर्णविराम द्यावेत की ‘एमएस’ असे सलग लिहावे, याविषयी कोणीच बोललेले नाही. एकाच मजकुरात दोन्ही रूपे येऊ नयेत, एवढे तरी पाहावे.

अनुवादयात्री
सर्वांचे आभार. पहिल्या ओळीत ‘मायट्रल स्टेनोसिस’ लिहितो. औषधाच्या ओळीसाठी संबंधित डॉक्टरांकडे आत्ताच विचारणा पाठवली आहे आणि उत्तर आले नाही तर टीपेसह मूळ अक्षरे ठेवीन. निदानाच्या खालच्या ओळीत ‘एमआर’ असाही संक्षेप आहे. तो याच झडपेचा समजावा का?

हृत्स्पंद
निदानाच्या यादीत असेल तर मायट्रल रिगर्जिटेशन, म्हणजे त्याच झडपेतून रक्त मागे गळणे. तपासण्यांच्या यादीत असेल तर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने शरीराच्या आतील प्रतिमा घेणारी तपासणी. त्या ओळीच्या आधी आणि नंतर काय आहे, तेही लिहावे.