'एक दुजे के लिए' अजून का रडवतो?

कॉलेजातल्या भाचीला काल १९८१ चा हा सिनेमा दाखवला. प्रेमी जोडप्यानं वर्षभर भेटायचं नाही, ही घरच्यांची अट ऐकून खो खो हसली. शेवटी मात्र नाक ओढत होती. असं का होतं?

उत्तर १: लिफ्टमधलं गाणं! तमिळ नायक वासूचं हिंदी जेमतेम, म्हणून सिनेमांची नावं जोडून नायिका सपनाचा रुसवा काढतो. इतका लळा लागल्यावर तो शेवट कसा सोसवणार?

उत्तर २: याच सिनेमाचे दिग्दर्शक के. बालचंदर यांचाच मूळ तेलुगू 'मरो चरित्र' (१९७८) बघा, कृष्णधवल. मला त्यातली नायिका सरिता जास्त भिडली.

उत्तर ३: आणि गायक एसपी (एस. पी. बालसुब्रमण्यम)? 'तेरे मेरे बीच में'ला राष्ट्रीय पुरस्कार. उच्चार किंचित दाक्षिणात्य, म्हणूनच तो आवाज वासूचा वाटतो.

प्रश्नकर्ती: भाची आता 'मरो चरित्र' शोधतेय. रुमाल तयार ठेवते.