बुधवार, गुरुवार की शुक्रवार? 'तीन दिवस व तीन रात्री' मोजायच्या कशा?

बिरुयाकर (प्रश्न)

सर्वांना सलाम. मत्तय १२:४० मध्ये प्रभू येशू माशाच्या पोटात राहिलेल्या योनाचे उदाहरण देऊन तीन दिवस व तीन रात्री भूमीच्या पोटात राहण्याविषयी बोलतो. शुक्रवारी दुपारी मरण आणि रविवारी पहाटे रिकामी कबर धरली, तर कशीही मोजदाद केली तरी रात्री दोनच भरतात. म्हणून काही मंडळ्या वधस्तंभाचा दिवस बुधवार सांगतात, काही गुरुवार. त्यातच मार्क १४:१२ वरून शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे (मिसरातून सुटकेच्या यहूदी सणाचे) भोजन दिसते, तर योहान १८:२८ मध्ये दुसऱ्या दिवशी सकाळीही यहूदी पुढाऱ्यांचे वल्हांडण खायचे बाकीच आहे. वर्षाबद्दलही कोणी इ.स. ३० म्हणतो, कोणी ३३. अभ्यासवर्गात हे मांडायचे आहे, तेव्हा वचने आणि हिशेब दोन्ही द्यावेत ही विनंती.

निसान१४

आधी एक करा. वार कोणता, निसान महिन्याची (यहूदी पंचांगातला वल्हांडणाचा महिना) तारीख कोणती आणि साल कोणते, हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवा. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावला की घोळ होतो. बहुतेक वाद तिथेच अडकतात.

वारासाठी लूक २३:५० ते २४:२१ सलग वाचा, मध्ये थांबू नका. अरिमथाईकर योसेफ शरीर कबरेत ठेवतो, तो पूर्वतयारीचा दिवस, शब्बाथ (शनिवारचा यहूदी विसाव्याचा दिवस) सुरू होण्याच्या बेतात. स्त्रिया शब्बाथ पाळतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबरेकडे जातात. त्याच दिवशी अम्माऊसच्या वाटेवर शिष्य म्हणतात की या गोष्टी घडल्याला आज तिसरा दिवस. मार्क १५:४२ तर पूर्वतयारीचा दिवस म्हणजे शब्बाथाचा आदला दिवस, असा उलगडाच करून देतो.

आता मोजणी. यहूदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मरण नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास. शुक्रवारचे उरलेले तीनेक तास हा पहिला दिवस, शब्बाथ पूर्ण दुसरा, आणि शनिवारच्या सूर्यास्तापासून तिसरा. मरणापासून रविवारच्या पहाटेपर्यंत सगळे मिळून सुमारे ३८-३९ तास होतात. ७२ तास कुठल्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाहीत.

दिवसाचा तुकडा हा पूर्ण दिवस धरण्याची रीत शास्त्रातच दिसते. एस्तेर ४:१६ मध्ये तीन दिवस, रात्रंदिवस उपास करायला सांगितले आहे, आणि ५:१ मध्ये एस्तेर तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते. उत्पत्ती ४२:१७-१८ मध्ये योसेफ भावांना तीन दिवस कैदेत ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलतो. सगळ्यात पक्के वचन मत्तय २७:६३-६४. 'तीन दिवसांनंतर उठेन' असे तो म्हणाला होता, हे रोमी सुभेदार पिलाताला सांगून तेच पुढारी 'तिसऱ्या दिवसापर्यंत' पहारा मागतात. ७२ तास पूर्ण होणार असे त्यांना वाटले असते तर त्यांनी पहारा चौथ्या दिवसापर्यंत मागितला असता. रब्बी एलाजार बेन अजऱ्याचे मतही यरुशलेम तालमूदात (रब्बींच्या धर्मचर्चांचा संग्रह) नोंदले आहे: दिवस व रात्र मिळून एक काळ, आणि काळाचा भाग हा पूर्ण काळासारखाच.

पेंढी_१६

वरच्या उत्तरात दुसऱ्या बाजूचे म्हणणे आलेच नाही, आणि ते इतके हलके नाही. वर्गात ते न्याय्यपणे मांडले पाहिजे.

योहान १९:३१ म्हणतो की तो शब्बाथ मोठा दिवस होता. लेवीय २३:६-७ प्रमाणे १५ निसान हा बेखमीर भाकरीच्या सणाचा पहिला दिवस, त्या दिवशी कामधंदा बंद. मग त्याच्या आदल्या दिवसालाही पूर्वतयारीचा दिवस म्हणता येईल, मग वार कोणताही असो. बुधवारवाल्यांची दुसरी कडी सुगंधद्रव्यांची. मार्क १६:१ मध्ये स्त्रिया शब्बाथ संपल्यावर ती विकत घेतात, लूक २३:५६ मध्ये आधी तयार करून मग शब्बाथ पाळतात. दोन्ही खरे ठरायचे तर मध्ये कामाचा एक दिवस हवा: बुधवारी मरण, गुरुवारी सणाचा शब्बाथ, शुक्रवारी खरेदी व तयारी, शनिवारी साप्ताहिक विसावा.

पण बुधवारची मांडणी लूक २४:२१ वर आपटते. बुधवारपासून रविवार कोणत्याही रीतीने तिसरा येत नाही, चौथा किंवा पाचवा येतो. शिवाय पूर्ण ७२ तास भरले की चौथा दिवस लागतो, आणि १ करिंथ १५:४ तिसरा दिवस सांगते.

गुरुवारची मांडणी जास्त टिकाऊ आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन रात्री सरळ मिळतात. १४ निसान गुरुवारी आला तर १० निसान रविवारी येतो, म्हणजे निर्गम १२:३ प्रमाणे कोकरू निवडायच्या दिवशीच यरुशलेमात प्रवेश. मला हा मेळ फार महत्त्वाचा वाटतो. अडचण एकच, पण मोठी: मार्क १५:४२ मधला शब्बाथ सणाचा मानावा लागतो, आणि मार्क वाचकाला तसे कुठेच सुचवत नाही.

निसान१४

सुगंधद्रव्यांसाठी वेगळा कामाचा दिवस लागत नाही. शनिवारी सूर्य मावळला की शब्बाथ संपतो आणि खरेदी करता येते. जवळ होते ते शुक्रवारी संध्याकाळी तयार केले, कमी पडले ते दुसऱ्या संध्याकाळी आणले, एवढ्याने मार्क व लूक दोघांचेही म्हणणे राहते. 'मोठा दिवस' हे वर्णनही सणाचा दिवस आणि साप्ताहिक शब्बाथ एकाच दिवशी आले तर चपखल बसते.

सुरुवातीच्या मंडळीची साक्षही विसरू नका. जस्टिन मार्टर दुसऱ्या शतकाच्या मध्यास आपल्या पहिल्या समर्थनपत्राच्या ६७ व्या प्रकरणात लिहितो की ख्रिस्ताला शनीच्या वाराच्या आदल्या दिवशी वधस्तंभावर खिळले आणि शनीच्या वारानंतरच्या दिवशी तो प्रकट झाला.

आता १४ की १५ निसान. माझ्या मते खरी गाठ इथे आहे, वारात नाही. मार्क १४:१२ प्रमाणे कोकरे कापण्याच्या दिवशी भोजनाची तयारी झाली, म्हणजे मरण १५ निसानला. योहान १८:२८ आणि १९:१४ वरून मरण १४ निसानला, मंदिरात कोकरे कापली जात असताना. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस ती वेळ नवव्या ते अकराव्या तासाची देतो. योहान १९:३६ हाड न मोडण्याचे वचन आणतो, तेही कोकराच्या नियमातले (निर्गम १२:४६).

मेळ घालणारे म्हणतात की योहान १८:२८ मधले 'वल्हांडण' म्हणजे सणाच्या आठवड्यातली इतर अर्पणे. त्या वचनात पुढारी विटाळाच्या भीतीने पिलाताच्या वाड्यात शिरत नाहीत; पण एका दिवसाचा विटाळ संध्याकाळी स्नानाने जातोच, मग रात्रीच्या भोजनाची चिंता कशाला, असा त्यांचा मुद्दा. पण मिश्ना (यहूदी तोंडी नियमांचा संग्रह) परराष्ट्रीयांची घरे अशुद्ध धरते आणि त्याचा संबंध प्रेताच्या विटाळाशी जोडते. हा विटाळ गणना १९:११ प्रमाणे सात दिवसांचा. त्यामुळे तो मुद्दा तितका भक्कम राहत नाही. आनी जोबेर यांनी १९५७ मध्ये कुमरानच्या (मृत समुद्राजवळच्या यहूदी पंथाच्या) सौर पंचांगावरून भोजन मंगळवारी रात्री झाल्याचे सुचवले. मात्र येशूने ते पंचांग पाळल्याची खूण शुभवर्तमानांत नाही.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी प्रभुभोजनात खमीर घातलेली भाकर वापरते, रोमन मंडळी बेखमीर. १०५४ च्या फुटीत हा एक जळता मुद्दा होता आणि दोन्ही बाजू याच कालक्रमाचा आधार घेत होत्या (भोजन वल्हांडणाचे असेल तर भाकर बेखमीर, त्याआधीचे असेल तर खमिराची).

चंद्रकोर

सालाचा हिशेब मी देतो. पिलात इ.स. २६ ते ३६ सुभेदार होता. या दहा वर्षांत अमावास्येनंतरची चंद्रकोर दिसण्याच्या गणिताने १४ निसान शुक्रवारी येतो तो ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ ला. गुरुवार हवा असेल तर १० एप्रिल २७ हा पर्याय आहे. पण लूक ३:१ मधले तिबेरियसचे पंधरावे वर्ष, ऑगस्टस १४ साली वारला हे धरता, २८-२९ मध्ये पडते. म्हणजे २७ साल फारच आधी होते. बुधवारवाले २५ एप्रिल ३१ देतात. त्यासाठी त्या वर्षी अधिक महिना धरावा लागतो. जव पिकला नाही तर तो धरत, त्यामुळे हे अशक्य नाही.

३० आणि ३३ मध्ये माझा कल ३३ कडे. योहान निदान तीन वल्हांडणे सांगतो (२:१३, ६:४, ११:५५) आणि पंधराव्या वर्षापासून सेवा धरली तर ३० मध्ये ती बसवताना ओढाताण होते. ३ एप्रिल ३३ ला यरुशलेमात चंद्र उगवताना खंडग्रास ग्रहण होते. हम्फ्रीज व वॉडिंग्टन यांनी १९८३ मध्ये त्याची सांगड प्रे. कृत्ये २:२० शी (चंद्र रक्तासारखा होईल) घातली. दुपारच्या तीन तासांच्या अंधाराला मात्र सूर्यग्रहण म्हणू नका. वल्हांडण पौर्णिमेला असते, सूर्यग्रहण अमावास्येला, आणि खग्रास अवस्था साडेसात मिनिटांपलीकडे जात नाही.

संगणकावर ताळा करताना दोन ठिकाणी चुकते. आजचे ठरीव यहूदी पंचांग मागे नेऊ नका. त्याच्या नियमाने १५ निसान सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येतच नाही, आणि हा नियम पहिल्या शतकाला लागू नव्हता. तेव्हा साक्षीदारांनी कोर पाहिली की महिना सुरू होई. दुसरे, काही साधने ग्रेगोरियन तारीख देतात. तिथे ३ एप्रिल ३३ ऐवजी १ एप्रिल दिसेल. दिवस तोच, वारही शुक्रवारच.

बिरुयाकर

सर्वांचे मनापासून आभार. वर्गात हाच क्रम ठेवतो. एक राहिले: मार्क १५:२५ मध्ये तिसऱ्या तासाला खिळले, पण योहान १९:१४ मध्ये सहाव्या तासाच्या सुमारास अजून पिलातापुढे. योहानाने रोमी वेळ वापरली, हे उत्तर चालेल का?

निसान१४

ते उत्तर टाळा. रोमी लोक तारीख मध्यरात्री बदलत, पण तास सूर्योदयापासूनच मोजत. त्यांच्या छायायंत्रावरही सहावा तास म्हणजे मध्यान्ह. लोक दिवसाचे चार प्रहर धरत आणि तिसरा, सहावा, नववा तास ठोकळमानाने सांगत. योहानही 'सुमारास' म्हणतो. सकाळ उलटून मध्यान्हाकडे झुकलेली वेळ एकाने अलीकडच्या खुणेने सांगितली, दुसऱ्याने पलीकडच्या. काही अभ्यासक म्हणतात की योहानाला कोकरे कापण्याच्या तयारीची वेळ दाखवायची आहे. ते पटले तर १४ निसानची बाजू आणखी बळकट होते.